जुनं टू-स्ट्रोक ओबीएम थंडीत सकाळी चालू होत नाही, चोक ओढूनही

दारणाकाठ
७ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दारणा धरणात आमचे माशांचे पिंजरे आहेत. रोज सकाळी खाद्य टाकायला फायबरची छोटी बोट वापरतो. तिला जुनं जपानी ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, आहे. १५ एचपी, टू-स्ट्रोक, दोन सिलेंडर, एकच कार्बोरेटर, दोरी ओढून चालू करायचं. वडिलांनी कोकणातून सेकंडहँड आणलेलं. दिवाळीपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला घेतं. थंडी पडली की आमचे हाल सुरू.

सध्या आमच्याकडे पहाटे हात गारठतात. चोक पूर्ण ओढून खांदा भरून येईपर्यंत दोरी ओढतो तेव्हा कुठे एकदा फटफटतं आणि बंद पडतं. मग चोक अर्धा धरून ठेवावा लागतो, बराच वेळ. चोक आत ढकलला की स्लोला मरतं, रेस दिली तर पळतं. एकदा गरम झालं की दुपारी एका झटक्यात चालू. पळायला ताकद पूर्ण आहे.

घोटीच्या मोटरसायकल मिस्त्रीकडून कार्बोरेटर साफ करून घेतला, दोन्ही प्लग नवीन टाकले. फरक नाही. पेट्रोलच्या नळीतला रबरी पंप कितीही दाबला तरी कडक होत नाही, मऊच राहतो. याचा काही संबंध आहे का? भाऊ म्हणतो कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतून चालू करत जाऊ. तसं करावं का? मासे उपाशी राहतात हो, सकाळचं खाद्य दहा वाजता पडतंय.


गंगापूररोडकर
७ जानेवारी, रात्री १०.१५

चोकची पट्टी खरंच पूर्ण बंद होते का ते झाकण काढून बघा. नुसता दांडा बाहेर आला म्हणजे चोक लागला असं नाही. आणि प्लग ७ नंबरचा असेल तर ६ टाकून बघा, गरम प्लग थंडीत बरा. इंजिन कोकणातलं आहे म्हणता, आपण समुद्रापासून सहाशे मीटर वर आहोत, जेटसुद्धा (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) बदलावा लागेल कदाचित.


सातपूरचा_मिस्त्री
८ जानेवारी, सकाळी ७.०५

दारणाकाठ, तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ओबीएमचं काम मी बरीच वर्षं करतोय. थंडीत चालू होत नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या इंजिनात सगळ्यात जास्त वेळा जे सापडलं, तेच तुमच्याकडे असावं असं वाटतं.

पहिलं, भावाला सांगा की कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचं नाही. इंजिनानं उलट फटका मारला तर तोंडावर भडका येतो, आणि बोटीत शेजारी टाकी असते. स्टार्टिंग स्प्रेही नको. टू-स्ट्रोकमध्ये सिलेंडरला तेल मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलंच. स्प्रे मारला की भिंतीवरची तेलाची फिल्म धुऊन जाते आणि पिस्टन कोरडा घासतो.

आता मूळ गोष्ट. थंड इंजिनात पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. पहाटेच्या गारठ्यात पेट्रोलमधला फक्त हलका भाग उडतो, बाकीचं थेंब होऊन आतल्या भिंतीला चिकटतं. म्हणून चोक हवा कोंडतो आणि भरपूर पेट्रोल ओढून घेतो, की त्यातला थोडासा हलका भाग तरी ठिणगीपर्यंत वाफ होऊन पोचावा. पण कार्बोरेटरच्या वाटीत जे पेट्रोल काल-परवापासून पडून आहे त्याचा हलका भाग आधीच उडालेला असतो, कारण वाटी बाहेरच्या हवेला उघडी असते. त्यात तुमचं पेट्रोल तेल मिसळलेलं. पेट्रोल उडतं, तेल मागे राहतं. पुन्हा वाटी भरली, पुन्हा उडालं, पुन्हा तेल राहिलं. काही महिन्यांनी वाटीच्या तळाला काकवीसारखा थर बसतो आणि तो सगळ्यात आधी बारीक भोकात जातो. सगळ्यात बारीक भोक स्लो जेटचं, म्हणजे रेस न देता चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटचं.

चालू करताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्या वेळी इंजिनाला पेट्रोल मिळतं ते स्लो जेटमधून. तो बुजला असेल तर चोक ओढल्यावर मेन नोझलमधून जबरदस्तीनं जे ओढलं जाईल त्याच्यावरच इंजिन जगतं. म्हणून तुमचं चोकवर चालतं, चोक काढला की स्लोला मरतं आणि रेसला पळतं, कारण रेसला मेन जेट काम करतो आणि तो मोठा असतो. हे तिन्ही एकत्र दिसलं की मी दुसरीकडे बघायच्या आधी स्लो जेट काढतो.

तुम्ही म्हणाल, कार्बोरेटर साफ केलाय. बऱ्याच जपानी कार्बोरेटरमध्ये स्लो जेट मेन जेटच्या शेजारच्या नळीत आत बसलेला असतो आणि त्यावर रबरी बूच असतं. वाटी काढली, मेन जेट फुंकला, लावून टाकलं, असं केलं तर तो तसाच राहतो. मोटरसायकल करणाऱ्या माणसाला हे इंजिन रोज दिसत नाही, त्यामुळे त्याच्या नजरेतून सुटू शकतं.

पण खोलायच्या आधी प्लग बघा. मी कुणालाही हेच सांगतो. सकाळी थंड असताना चोक लावून नेहमीसारखी दोरी ओढा, थोडा वेळ ओढून चालू झालं नाही की लगेच दोन्ही प्लग खोला. कोरडे निघाले तर पेट्रोल पोचत नाही. ओले निघाले तर पेट्रोल पोचतंय, करंट कमी आहे किंवा पेट्रोल ओव्हर झालंय. एक ओला एक कोरडा हा तिसरा प्रकार, तसं निघालं तर मला सांगा, त्याचा रस्ता वेगळा. हे न बघता स्क्रू फिरवत बसलात तर दोन बिघाड होतील, जुना एक आणि तुम्ही केलेला एक.

प्लग ओले निघाले तर करंट बघताना काळजी घ्या. प्लग कॅपमध्ये घालून त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या धातूला नीट टेकवा. कॅप मोकळी लटकत ठेवून दोरी ओढू नका, करंटला वाट मिळाली नाही तर सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइल जाऊ शकते. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. आणि बाहेर ठिणगी दिसली म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. आत दाबाखाली तीच फट ओलांडायला जास्त जोर लागतो. निळी, कडक, आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, लुळी नको.

गंगापूररोडकर भाऊंनी चोकच्या पट्टीचं सांगितलं ते अगदी बरोबर, ते पहिल्यांदा बघा. दांड्याचा दुवा झिजला की पट्टी पाऊण बंद होते, आणि थंडीत तेवढ्यानं भागत नाही. प्लगच्या नंबराशी मात्र मी सहमत नाही. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका लहान तितका प्लग गरम, म्हणजे टोकाची उष्णता सावकाश सोडणारा, हे खरं. पण पहाटे पहिल्या झटक्याला ६ काय आणि ७ काय, दोन्ही बर्फासारखेच गार असतात. ६ टाकून भर रेसमध्ये पिंजऱ्यांपर्यंत गेलात तर प्लगचं टोक तापून वेळेआधी पेट धरतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. हँडबुकात दिलेलाच प्लग ठेवा. उंचीचं म्हणाल तर सहाशे मीटरवर हवा समुद्रकाठापेक्षा साधारण सहा टक्के विरळ असते. म्हणजे कोकणातलं इंजिन इथे आल्यावर थोडं जास्त पेट्रोल खाणारं होतं, आणि थंड चालू होण्याला त्याची मदतच आहे. जेट बदलायचं कारण नाही.

आता रबरी पंप. तो मऊ राहतो याचा संबंध आहेच. वाटी भरली की फ्लोट (वाटीतला तरंगणारा तुकडा) वर येतो, नीडल (पेट्रोलची वाट अडवणारी सुई) बंद होते, पेट्रोलला पुढे जायला जागा नाही, म्हणून पंप कडक व्हायला पाहिजे. होत नसेल तर तीन जागा. टाकीकडच्या किंवा इंजिनाकडच्या कनेक्टरमधली ओ-रिंग सुकून हवा ओढतेय, पंपाच्या आतला झडपेचा गोळा झिजलाय, किंवा नीडल बसत नाही आणि पेट्रोल वाटीतून वाहतंय. शेवटचं असेल तर कार्बोरेटरच्या तोंडाला पेट्रोल गळताना दिसेल. पंप दाबताना बाण वरच्या दिशेला करून उभा धरा, आतल्या झडपा तसंच नीट बसतात. टाकीच्या झाकणावरची हवेची चकती उघडली आहे ना हेही बघा.

आणखी एक परीक्षा करा. इंजिन चालू असताना स्लोला मरायला लागलं की एकानं रबरी पंप दाबायचा. लगेच सावरलं तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा कडक झालेला असू शकतो. तो पडदा क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या बंद पेटीच्या) धडधडीवर हलतो. दोरीनं ओढताना धडधड मंद असते, ताठ पडदा तेवढ्यानं हलत नाही, गरम झाल्यावर बरा हलतो. पडदा फाटला असेल तर पेट्रोल उलट क्रँककेसमध्ये जातं, मग प्लग ओले निघतात.

स्लो जेट काढताना बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, पितळ मऊ असतं, खाच उडाली की तो निघणार नाही. एअर स्क्रू (स्लोची हवा कमी-जास्त करणारा) काढायच्या आधी हलक्या हातानं आत नेत किती फेरे गेला ते लिहून ठेवा, मग काढा. रबरी भाग बाजूला ठेवून कार्बोरेटर क्लीनर मारा, रात्रभर भिजू द्या. जेट उजेडासमोर धरा. गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे, अंधुक दिसला तर अजून बुजलेला आहे. स्टीलची तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेला. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक धागा घ्या. आणि नुसता जेट साफ करून थांबू नका. स्प्रेची नळी स्लो जेटच्या जागी लावून दाबा, थ्रॉटलच्या पट्टीजवळ दोन-तीन सुईएवढी भोकं आहेत तिथून फवारा बाहेर आला पाहिजे. तो आला नाही तोवर काम झालं नाही. डोळ्यांवर चष्मा लावा.

घरी चालवून बघायचं असेल तर ड्रममध्ये. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर असू द्या आणि मागून पाण्याची धार येते का बघा. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा लगेच जळतो.


मालवणी_होडी
८ जानेवारी, दुपारी १.३०

मिस्त्रींनी सगळा सांगितल्यानी. एक विचारतंय, तेल कसला वापरतास? आमच्याकडे पण काही जण स्कूटरचा टू-टी घालतत.


दारणाकाठ
८ जानेवारी, रात्री ८.५०

दादा, स्कूटरचंच टू-टी आहे. लिटरला २० मिली टाकतो. मिस्त्रीकाका, रविवारी सगळं करून बघतो आणि सांगतो. इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.


सातपूरचा_मिस्त्री
८ जानेवारी, रात्री ९.३०

मालवणच्या भाऊंनी मोठ्या मुद्द्याला हात घातला. २० मिली म्हणजे पन्नासास एक, हँडबुकात तेच असेल तर प्रमाण ठीक. पण डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाची खूण) लिहिलेलं तेल घ्या. स्कूटरचं तेल हवेनं थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि त्यात राख सोडणारे घटक असतात. ओबीएम धरणाच्या गार पाण्यानं थंड होतं, तेवढं तापत नाही. ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते, आणि राख बसलेला प्लग थंडीत पहिली ठिणगी सहज देत नाही. टीसी-डब्ल्यू३ राख न सोडणारं असतं. महाग पडतं, पण प्लग टिकतात.


दारणाकाठ
१२ जानेवारी, सायंकाळी ६.२०

काका, केलं. सकाळी दोन्ही प्लग कोरडे निघाले, अगदी खडखडीत. चोकची पट्टी पूर्ण बंद होत नव्हती, दुव्याची पिन झिजलेली, ती बदलली. स्लो जेट रबरी बुचाखालीच होता. उजेडासमोर धरला तर काहीच दिसत नव्हतं! वाटीच्या तळाला तुम्ही म्हणालात तसाच काळपट थर. रात्रभर भिजवून तांब्याच्या धाग्यानं मोकळा केला, भोकांतून फवारा आला तेव्हा वडिलांना हाक मारून दाखवला. कनेक्टरची ओ-रिंग नाशिकहून आणली, पंप आता दगडासारखा कडक होतो.

आज सकाळी ड्रममध्ये तिसऱ्या झटक्याला चालू झालं आणि चोक लगेच आत ढकलता आला. वडील काही बोलले नाहीत, पण स्वतः दोनदा बंद करून चालू करून बघितलं.

एक शंका आहे. साफ करताना जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. सकाळी बघितलं तर खाली एक वेगळा थर दिसतोय, बोटभर. हे पाणी का? टाकीत पाणी कुठून आलं?


सातपूरचा_मिस्त्री
१२ जानेवारी, रात्री ८.१०

फार चांगलं काम केलंत. बाटलीत काढून ठेवलंत हे तर सगळ्यात चांगलं.

तो थर नुसतं पाणी नाही, पाणी आणि इथेनॉल एकत्र आहे. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं. तुमची टाकी धरणाच्या काठावर, अर्धी रिकामी, हवेची चकती उघडी. दिवसा गरम, रात्री गार, टाकीच्या आत दव धरतं. काही प्रमाणापर्यंत पाणी पेट्रोलमध्ये विरघळलेलं राहतं, डोळ्याला दिसत नाही. गारठा वाढला की तेवढं पाणी धरून ठेवायची पेट्रोलची ताकद कमी होते आणि इथेनॉल पाण्याला घेऊन तळाला बसतं. त्यामुळे दुपारी स्वच्छ दिसणाऱ्या पेट्रोलमध्ये पहाटे थर दिसतो. टाकीतली नळी तळातूनच ओढते, म्हणजे सकाळी पहिला घोट इंजिनाला तोच जातो.

त्यात धोका असा की टू-टी तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या थरात जवळजवळ नसतं. तो थर इंजिनात गेला आणि समजा कसंबसं चाललंच, तर बिनतेलाचं चाललं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, ती गार इंजिनाकडे नसते. आणि जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्या, पडदे, ओ-रिंगा बनवल्या तेव्हा इतकं इथेनॉल कुणाच्या डोक्यात नव्हतं. रबर फुगतं, मग ताठ होतं. नळ्या एकदा बोटानं दाबून बघा, चिकट लागल्या किंवा कडा फुटलेल्या दिसल्या तर इथेनॉल चालणाऱ्या नळ्या घालून घ्या. इंजिनावरच्या पंपाचा पडदाही आत्ताच बदला, चांगला दिसत असला तरी.

या टाकीतलं पेट्रोल वापरू नका. हलवून पुन्हा एक होईल असं काहींना वाटतं. हलवल्यावर थोडा वेळ एक दिसतं, गार झालं की पुन्हा वेगळं होतं. ते धरणात किंवा काठावर ओतू नका, तुमचेच मासे आहेत तिथे. डब्यात भरून वर्कशॉपवाल्याकडे द्या, सुटे भाग धुवायला ते कामी येतं. टाकी पूर्ण रिकामी करून वाळवा. पुढे एका आठवड्यात संपेल एवढंच पेट्रोल मिसळा, टाकी बोटीत न ठेवता घरी आणा आणि ठेवताना हवेची चकती बंद करा.

रोज काम झाल्यावर एक सवय लावा. शेवटच्या फेरीला काठाशी आलात की इंजिनाकडचं कनेक्टर काढा आणि स्लोला आपोआप बंद पडू द्या. मग वाटीच्या तळाचा छोटा स्क्रू सैल करून उरलेलं डब्यात काढा. नुसतं चालवून बंद पडू दिलं तरी वाटीच्या तळाशी थोडं राहतंच, आणि थर बसतो तो त्याच थोड्याचा. सकाळी पंप दाबला की वाटीत ताजं पेट्रोल येईल, ज्याचा हलका भाग अजून शाबूत आहे. थंडीत याचा फरक लगेच दिसतो.


रामकुंड_बचाव
१३ जानेवारी, सकाळी ११.००

मिस्त्री, मध्येच विचारतो. आमचा पोहणाऱ्या मुलांचा गट आहे, पुराच्या वेळी मदतीला जातो. दुतोंड्या मारुतीच्या (नाशिकला गोदावरीच्या पुराची खूण मानली जाणारी मूर्ती) कंबरेला पाणी लागलं की आमची रबरी बोट निघते, बाकी वर्षभर पडून. तिचं ओबीएम थोडं मोठं, तेही जुनं टू-स्ट्रोक. २०२७ चा सिंहस्थ पावसाळ्यातच आहे, त्या वेळी इंजिनानं दगा द्यायला नको. पडून असलेल्या इंजिनाचं काय करायचं?


सातपूरचा_मिस्त्री
१३ जानेवारी, रात्री ९.१५

तुमच्या इंजिनाला दारणाकाठच्या इंजिनापेक्षा जास्त जपायला हवं. त्यांना उशीर झाला तर मासे दोन तास उपाशी राहतात, तुमच्याकडे पाण्यात माणूस असतो.

पावसाळा संपला की गोड्या पाण्यात ड्रममध्ये चालवून आतला गाळ धुवा. पुराच्या पाण्यात गाळ फार असतो, पाण्याचा पंखा दरवर्षी बदला. मग पेट्रोल तोडून बंद पडू द्या, वाटी पूर्ण मोकळी करा. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर टू-टी तेल टाका, दोरी हळू ओढून आत पसरवा, प्लग लावून ठेवा. इंजिन उभं ठेवा म्हणजे खालच्या भागातलं पाणी निथळून जाईल. गिअरचं तेल बदला. जुनं तेल दुधाळ निघालं तर सील गेलंय, आत पाणी शिरतंय, ते पावसाळ्याआधी करून घ्या. टाकीत पेट्रोल ठेवूच नका.

पाऊस यायच्या आधी ताज्या पेट्रोलवर चालू करा, आणि पावसाळाभर दर आठवड्याला ड्रममध्ये थोडा वेळ चालवा. चालवून झालं की प्रत्येक वेळी वाटी मोकळी. वाटीत पेट्रोल ठेवून तीन आठवड्यांनी चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. दोन नवे प्लग, प्लगचा पाना, एक जादा कनेक्टर आणि इंजिन चालू करायच्या दोरीचा एक तुकडा बोटीतच पिशवीत बांधून ठेवा. मुलांपैकी किमान दोघांना थंड इंजिन चालू करण्याचा क्रम पाठ हवा: चकती उघडा, पंप कडक होईपर्यंत दाबा, सुरक्षेच्या दोरीची क्लिप (ती निघाली की इंजिन बंद पडतं) बटणावर बसली आहे का बघा, चोक ओढा, थ्रॉटल स्टार्टच्या खुणेवर, दोरी आधी हळू ओढून दात अडकू द्या आणि मग एक लांब, सलग झटका. पहिल्यांदा फटफटलं की चोक अर्धा आत. तिथेही पूर्ण चोक ठेवून ओढत राहिलं की पेट्रोल ओव्हर होतं. तसं झालंच तर कनेक्टर काढा, चोक आत ढकला आणि ओढत राहा, जास्तीचं पेट्रोल बाहेर पडून इंजिन घेतं. नाही घेतलं तर प्लग काढून पुसा.

सातपूरला येणार असाल तर इंजिन घेऊन या, दोन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून देतो. दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर रिंगांचं काम सिंहस्थाच्या आधीच करावं लागेल. दारणाकाठ, तुम्हीही या, येताना जुना पेट्रोल पंप काढून आणा, पडदा इथेच बदलू.


दारणाकाठ
१४ जानेवारी, सकाळी ८.०५

काका, शुक्रवारी दुपारी खाद्य टाकून झालं की निघतो. पंप आणि नळ्या दोन्ही आणतो. टीसी-डब्ल्यू३ तेल नाशिकमध्ये कुठे मिळेल तेवढं सांगा, घोटीत कुणाकडेच नाही.


सातपूरचा_मिस्त्री
१४ जानेवारी, सकाळी ८.४०

माझ्याकडे एक डबा शिल्लक आहे, तो घेऊन जा. पुढच्या वेळी मुंबईहून मागवू तेव्हा तुमचाही सांगा.